अयोध्याबाईंच्या पाटल्या

रामहरी देवकते लोहाऱ्यात राहतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी बसस्टँडवर त्यांना अजून सगळे 'चेकर' म्हणूनच ओळखतात. एस.टी.च्या तपासणी पथकात त्यांची निम्मी नोकरी गेली. आडरस्त्याला जीप लावायची, गाडी थांबवायची, एकानं दारात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं आत शिरायचं. आत शिरणारे कायम रामहरी. तिकीट शोधताना जो घाबरून सगळे खिसे उलटेपालटे करतो तो बहुतेक खरा असतो आणि तिकीट मागायच्या आधीच जो कंडक्टरकडं बघतो तो लबाड, हा त्यांचा अनुभव. त्यांच्यामुळं दोघा-तिघा कंडक्टरांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. खोटं ते खोटं.

नोकरी सुटली तरी नजर सुटली नाही. गॅसची टाकी आली की ते काट्यावर लटकवून वजन बघायचे, मगच दारातून आत घ्यायचे. दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन आला की त्याला ओट्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि अर्धा तास प्रश्न विचारायचे. बहुतेक जण पाणी पिऊन निघून जायचे.

त्यांची बायको अयोध्याबाई अगदी उलटी. तिच्या पदराच्या गाठीला कायम काहीतरी असायचं आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी हातात गेलेलं असायचं. "अगं, त्यो दारू पितो," रामहरी म्हणायचे. "पीत असंल," ती म्हणायची आणि भाकरी थापत राहायची. ह्यावर नवराबायकोत चाळीस वर्षं वाद झाले आणि एकही मिटला नाही.

गेल्या श्रावणात अयोध्याबाई गेल्या. सोलापूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत हातांना सूज आली होती, म्हणून नर्सनं पाटल्या साबण लावून काढल्या आणि रामहरींकडं दिल्या. त्या परत घालायच्या नाहीत हे अयोध्याबाईंना कळलं होतं.

"ह्या प्रतीक्षाला नगंत," ती म्हणाली. प्रतीक्षा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरीला. "तिला म्या इचारलंय. मोडा आन् लेकरांना द्या. ज्यांचे आईबाप उसाला जात्यात, तसल्या लेकरांना."

रामहरींनी मान हलवली. का, हे विचारायची गरज नव्हती. अयोध्याबाईंचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दर दिवाळीनंतर बैलगाडीत भांडीकुंडी आणि पोरं घालून कारखान्याच्या वाटेला लागायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. तिची शाळा दुसरीत सुटली ती त्याच गाडीत. सही करायला ती लग्नानंतर शिकली.

"आन् एक," ती पुढं म्हणाली. "लई चौकशा करत बसू नका."

ह्यावर मात्र रामहरींनी मान हलवली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी धाराशिवला जाऊन पाटल्या मोडल्या. तीन सराफांकडं वजन करून घेतलं, मगच मोडल्या. पैसा बँकेत ठेवला. पण तो द्यायचा कुणाला? प्रतीक्षा पुण्याहून मोबाइलवर एकेका संस्थेची माहिती पाठवायची. "बाबा, ह्यांचं रेटिंग चांगलंय," ती सांगायची.

"रेटिंग कोण देतं?"

"लोक देतात."

"कोणते लोक? तू वळखतीस का त्यांना?"

मग ती दुसऱ्या संस्थेची माहिती पाठवायची.

कुणाकडून तरी बातमी लागली असावी, कारण एक दिवस पांढऱ्या गाडीतून रणधीर नावाचा एक तरुण आला. कुठल्याशा फाउंडेशनचा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कळंब तालुक्यात निवासी शाळा चालवतो म्हणाला. बोलणं गोड होतं. रामहरींनी पुस्तिका चाळली. एका पानावर ओळीनं उभी असलेली मुलं, हसरी, अंगात नवे स्वेटर. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही शाळा कळंब तालुक्यातली?"

"हो काका."

"मागं भिंत जांभ्याची दिसती. आन् ह्या नारळी. कळंबात जांभा कुठं निघतो?"

रणधीर पुस्तिकेत डोकावला. "काका, तो प्रातिनिधिक फोटो आहे."

"मग पैसेबी प्रातिनिधिकच देतो," रामहरी म्हणाले आणि पुस्तिका मिटून त्याच्या हातात दिली.

गाडी गेल्यावर त्यांना बरं वाटलं. सापडलेला बिनतिकिटी प्रवासी खाली उतरवल्यावर वाटायचं तसं. पण संध्याकाळी एकट्यानं जेवायला बसल्यावर लक्षात आलं, की असं बरं वाटण्यातच महिने निघून चाललेत आणि बायकोचा पैसा जिथल्या तिथं आहे.

कळंब डेपोच्या एका जुन्या ड्रायव्हरनं त्यांना शिवलीलाबाईंचं नाव सांगितलं. येरमाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला खोरेवस्ती म्हणून लहानसं गाव आहे. तिथं ही बाई आपल्या सासरच्या घरात ऊसतोड्यांची पोरं सांभाळते. दिवाळी झाली की आईबाप पोरांना तिच्याकडं सोडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला घेऊन जातात. दिवसा पोरं गावच्या शाळेत, रात्री तिच्याकडं. सरकारी अनुदान नाही. आसपासचे शेतकरी ज्वारी देतात, कुणी डाळ देतं, कुणी पैसे.

"पावती देती का?" रामहरींनी विचारलं.

"मागितली तर देती. बोर्डबिर्ड काय न्हाय बगा तिचा."

बोर्ड नाही हे ऐकून दुसरा कुणी खूश झाला असता. रामहरींच्या मनात पाल चुकचुकली. इतकं चांगलं काम करणारी बाई नाव का लपवते?

ते स्वतःच निघाले. लोहाऱ्याहून धाराशिव, तिथून येरमाळा आणि पुढं वडाप जीपनं खोरेवस्ती. कोण आहोत हे सांगायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सांगून गेलं की सगळ्यांच्या हातात तिकिटं असतात. पारावर कुणी विचारलं तर म्हणाले, शेळ्या बघायला आलोय.

शिवलीलाबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. संध्याकाळची वेळ, पोरं पडवीत जेवायला बसली होती. भात आणि वाटाण्याची पातळ आमटी. शिवलीलाबाई चाळिशीच्या आतबाहेरच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. रामहरींनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "किती लेकरं हायेत बाई?"

"चाळीसेक."

ते पाणी पिण्याच्या निमित्तानं रेंगाळले, मोबाइलवर हळूच एक फोटोही काढला. त्यांची मोजणी काही केल्या पंचविसाच्या पुढं जाईना. आणि त्यात पोरी कमी, त्याही लहान लहान. "मोठ्या पोरी दिसंनात," ते म्हणाले. "त्या कुठं असत्यात? झोपायला कुठं?"

शिवलीलाबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं. "तुमाला शेळ्या बघायच्यात ना काका? बाजार येरमाळ्याला भरतो."

परतीच्या वाटेवर रामहरींची खात्री पटत आली होती. चाळीस सांगायचे आणि पंचवीस पोसायचे. वरचं धान्य कुठं जातं तेवढंच बघायचं राहिलं होतं.

आठ दिवसांनी ते पुन्हा गेले. ह्या वेळी घराकडं न जाता समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. दिवस कलताना शिवलीलाबाई स्कूटीवर बाहेर पडल्या. पायाशी मोठा डबा, मागं बांधलेलं पोतं. रामहरींनी मोबाइलवर फोटो काढला आणि चालत मागं निघाले. स्कूटी गावाच्या टोकाला एका दगडी घरापाशी थांबली. डबा आत गेला, पोतं आत गेलं, बाई रिकाम्या परत आल्या. रामहरी बाभळीच्या आडोशाला उभे राहिले. त्या दूर गेल्यावर त्यांनी घराचा फोटो काढला आणि गडग्यावरून आत डोकावून बघितलं. अंगणात दोरीवर पोरींचे कपडे वाळत होते.

"कोन हाय रं तिकडं?" आतून म्हातारीचा आवाज आला.

रामहरी गर्रकन वळले आणि चालायला लागले. खरं तर थांबून नाव सांगायचं. पण आयुष्यात कधी असं डोकावताना सापडायची वेळ आली नव्हती, पाय आपोआप उचलले गेले. म्हातारीनं आरडाओरडा केला. शेतातून येणाऱ्या दोघांनी त्यांना वाटेतच धरलं. एकानं दंडाला, एकानं मनगटाला. आणि तसंच पोलीस पाटील बंडप्पाच्या ओट्यावर आणून उभं केलं.

बंडप्पा शांत माणूस. त्यानं आधी पाणी दिलं.

"गाव कोणतं?"

"लोहारा."

"लोहाऱ्यावरनं हितं कशाला?"

रामहरींच्या तोंडून निघून गेलं, "शेळ्या बघायला."

"कुनाच्या शेळ्या?"

ओट्याभोवती माणसं जमली होती. तेवढ्यात शिवलीलाबाई आल्या. "ह्येच त्ये," त्या म्हणाल्या. "मागल्या आठवड्यात आलते. मोठ्या पोरी किती हायेत, कुठं झोपत्यात, इचारत होते."

गर्दीतून एक शिवी आली. आपण काय विचारलं होतं ते रामहरींना आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. बंडप्पानं मोबाइल मागितला. फोटोंमध्ये स्कूटी होती, दगडी घर होतं, पडवीत जेवणारी पोरं होती. गर्दी जवळ सरकली. रामहरी सगळे खिसे चाचपायला लागले, आधार कार्ड, एस.टी.चं जुनं ओळखपत्र, काहीतरी सापडावं म्हणून.

"घरी कोण हाय?" बंडप्पानं विचारलं.

"पोरगी. पुण्यात."

बंडप्पानं तिथंच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. कोण बोलतोय, कुठून बोलतोय, तुमचे वडील कशात सापडलेत, हे त्यानं सांगितलं. पलीकडून प्रतीक्षा म्हणाली, "ते चोर नाहीत हो. आमची आई गेली. तिच्या पाटल्या मोडून आलेले पैसे त्यांना अशा मुलांना द्यायचेत. तिनं सांगितलं होतं. पण बाबांचा कुणावर विश्वास बसत नाही. म्हणून तपासायला आले असतील. ते असंच करतात." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज दमल्यासारखा झाला.

ओट्यावर कुणीतरी हसलं. मग बंडप्पाही हसला. दंड धरणाऱ्यानं हात सोडला. शिवलीलाबाई मात्र हसल्या नाहीत.

"आधी ते फोटो पुसा," त्या म्हणाल्या.

रामहरींनी एकेक फोटो त्यांच्यासमोर पुसला. मगच त्या खाली बसल्या आणि बोलल्या. त्यांच्या घरात पोरींना वेगळी खोली नाही. आहे त्या खोलीच्या दाराला धड कडी नाही. म्हणून दहाएक मोठ्या पोरी संध्याकाळपासून त्या दगडी घरात, इरम्मा म्हातारीकडं असतात आणि त्यांचं जेवण, पीठमीठ तिकडं जातं. "दोन वर्सांमागं असाच एक मानूस आला," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वयाचा. देणगी देतो म्हणला, दिलीबी. पोरींचे फोटो काढून नेले. महिन्याभरानं एका पोरीच्या बापाकडं कारखान्यावर जाऊन सोयरीक ठरवून आला. पोरगी चौदा वर्सांची. नवरा केवढा होता ते सांगत न्हाय. तवापासून पोरींचं म्या कुणालाबी काय सांगत न्हाय."

रामहरींनी मान खाली घातली होती. पण डोक्यातली मोजणी थांबलेली नव्हती आणि न राहवून ते बोलून गेले, "तरीबी बाई, इकडच्या आन् तिकडच्या मिळून चाळीस होत न्हाईत."

बंडप्पानं कपाळाला हात लावला. शिवलीलाबाईंचा चेहरा लाल झाला. "चार-पाच पोरं आईबापाकडं कारखान्यावर गेल्यात. कवाबी परत येत्यात. म्या त्यांचं नाव कमी केलं न्हाय. आल्यावर त्यांना काय उपाशी ठिवू?"

खरं असेल. नसेलही. रामहरींना ठरवता येईना. तरी ते म्हणाले, "पैसे देतो म्या. उद्याच बँकेतनं काढतो."

"आज नगंत," शिवलीलाबाई उठत म्हणाल्या. "आज तुमी घाबरून देताय. परत यायचं आसंल तर आधी फोन करा."

बंडप्पानं त्यांना मोटरसायकलवरून येरमाळ्याला आणून सोडलं. रात्री उशिरा ते लोहाऱ्याला पोचले. दंडावर बोटांचे वळ उठले होते, ते दोन दिवस राहिले.

आधी त्यांना राग आला. भर गावात चोरासारखं उभं केलं! देवळाच्या अन्नछत्राला पैसे देऊन मोकळं व्हावं, असंही मनात आलं. मग रागाची जागा जुन्या सवयीनं घेतली. त्या चौदा वर्षांच्या पोरीची गोष्ट तरी खरी कशावरून? ते येरमाळ्याला गेले आणि ओळखीच्या दुकानदाराकडं आडून आडून चौकशी केली. "झालं होतं खरं तसं काहीतरी," तो म्हणाला. "पर तिचा बाप म्हणतो, पोरगी खुशीनं गेली. आता खरं काय, कुणाला ठावं?" एवढंच हाती लागलं. चौदा वर्षांच्या पोरीची खुशी कसली, हे मात्र रामहरींना चौकशीशिवाय कळत होतं.

मार्गशीर्ष लागताना त्यांनी शिवलीलाबाईंना फोन केला. पैसे हातात द्यायचे नाहीत, पोरींसाठी खोली बांधून द्यायची, लोखंडी दाराची, आतून कडीची, बाजूला संडास-न्हाणी. विटा, सिमेंट, गवंडी, सगळ्याचे पैसे रामहरी स्वतः जागेवर देणार.

"चालंल," त्या म्हणाल्या. "मला हातबी लावायला नगं."

महिना-दीड महिना ते लोहारा ते खोरेवस्ती ये-जा करत राहिले. दोन दिवस बंडप्पाकडं मुक्काम, दोन दिवस घरी. विटा ठोकून बघायचे, वाळूत माती किती आहे ते हातावर घेऊन बघायचे. आता सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि तरी एक दिवस सिमेंटची दोन पोती कमी भरली. गवंडी म्हणाला, ओल लागून दगड झाली, फेकली. कुठं फेकली ते त्याला दाखवता येईना. शिवलीलाबाई म्हणाल्या, मला ठाऊक नाही. इरम्माच्या न्हाणीचा कट्टा मात्र त्याच आठवड्यात नवा झालेला दिसला. रामहरी त्या कट्ट्याजवळ जाऊन उभे राहिले. पायानं दाबून बघितला. कट्टा चांगला झाला होता. म्हातारी दारात बसून त्यांच्याकडं टक लावून बघत होती. त्यांनी काही विचारलं नाही. ती दोन पोती कशी गेली, हे त्यांना आजही नक्की माहीत नाही आणि त्याचा विषय निघाला की आजही त्यांची चिडचिड होते.

खोली झाली. पोरी तिकडून इकडं राहायला आल्या. पाटल्यांच्या पैशातला बराचसा भाग अजून शिल्लक होता. खोलीला रंग लावून झाला त्या दिवशी शिवलीलाबाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून मागितलं.

"खोली झाली काका. लई चांगली झाली. पर महिन्याला तेल लागतं, मीठ लागतं, गॅस लागतो, पोरं आजारी पडत्यात. त्याला कुणी देत न्हाय. सगळ्यांना डोळ्यांनी दिसंल आसंच द्यायचं आसतं."

रामहरींनी नव्या दाराची कडी लावून-काढून बघितली. तेल खाल्लं की संपतं. ते कुणाच्या पोटात गेलं, हे जागेवर उभं राहून बघता येत नाही.

"पावती देशीला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"देईन की. पावती दिल्यानं तुमाला झोप लागंल का?"

त्यांनी खरं ते सांगितलं, "न्हाय लागायची."

घरी येऊन त्यांनी तीन-चार दिवस विचार केला. प्रतीक्षाला फोन केला आणि तिनं काही सांगायच्या आत स्वतःच बोलत सुटले. बाई लबाड वाटत नाही. पण संख्येचं कोडं सुटत नाही. सिमेंट कमी भरलं. सोयरिकीचं अर्धं खरं, अर्ध्याचा पत्ता नाही. प्रतीक्षानं सगळं ऐकून घेतलं. "बाबा," ती म्हणाली, "तिच्याकडं राहिलेली पोरं आज शाळेत जातात का?"

"जात्यात. ते म्या मास्तरला इचारलंय."

"मग?"

शेवटी रामहरींनी एक मार्ग काढला. सगळा पैसा एकदम द्यायचा नाही. पोरं असतील तेवढे महिने, महिन्याला थोडा थोडा, शिवलीलाबाईंच्या खात्यावर. पहिला हप्ता भरल्यावर बँकेच्या पायरीवर ते बराच वेळ बसून राहिले. काहीतरी हातातून सुटून गेल्यासारखं वाटत होतं. अयोध्याबाईला हे असं कधी वाटलं नसेल का, की तिलाही वाटायचं आणि ती तरीही द्यायची, हे तिला कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायला ती नव्हती.

दोन हप्ते वेळेवर गेले. तिसरा त्यांनी आठ दिवस अडवून धरला, कारण बंडप्पाच्या बोलण्यात आलं की शिवलीलाबाईंनी नवा मोबाइल घेतला. मग कळलं, भावानं दिला. निदान त्या तसं म्हणाल्या. हप्ता गेला.

पाडव्यानंतर आईबाप ट्रॅक्टरमधून परत आले, पोरं आपापल्या घरी गेली आणि खोरेवस्तीचं काम दिवाळीपर्यंत थांबलं. रामहरींना वाटलं, आता आपला संबंध तेवढ्यापुरता संपला. पण ऐन उन्हाळ्यात शिवलीलाबाईंचा फोन आला. धाराशिवचा एक व्यापारी पोरींसाठी सायकली देतो म्हणतोय, दिवाळीला पोरी परत आल्या की स्वतः येऊन वाटायच्यात म्हणतोय. "मानूस कसा हाय ते काय कळंना. तुमी जरा बगून येता का?"

रामहरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धाराशिवला गेले. दुकानासमोर बसले, शेजाऱ्यांशी बोलले, कोर्टात एका वकिलाकडं चौकशी केली. व्यापाऱ्यावर भावकीच्या जमिनीचा दावा चालू होता, बाकी काही वावगं सापडलं नाही. तरी त्यांच्या मनाला ते पटेना. पोरींना सायकली स्वतःच्या हातानं कशाला वाटायच्यात?

"घेऊ नका," त्यांनी फोनवर सांगितलं.

"मोठ्या पोरींना येरमाळ्याच्या शाळेला लांब पडतं काका," त्या म्हणाल्या. "सायकली घेते. त्याला मात्र येऊ देत न्हाय. टेम्पोनं पाठीव म्हणते. पाठीवल्या तर पाठीवल्या."

सायकली जूनमध्ये टेम्पोनं आल्या. रामहरींनी जाऊन बघितल्या, एकेकीचं चाक फिरवून, ब्रेक दाबून. सगळ्या नव्या होत्या. व्यापाऱ्यानं मागं काही मागितलं नाही. अजून तरी नाही.